दुसऱ्या पायरीवरची शिळा

नम्रता मॅडमनी मागितलेल्या पत्रावर सही केली तेव्हा संभाजीला फार बरं वाटलं होतं. पत्र साधंच होतं. ‘भैरवनाथ मंदिराच्या दुसऱ्या पायरीवरची पुराची शिळा मूळ जागी आहे, ती कधीही हलवलेली नाही.’ खाली सही आणि त्याखाली ‘अध्यक्ष, जीर्णोद्धार समिती’ असा गोल शिक्का. शिक्का नीट उठला नाही म्हणून त्याने तो पुन्हा मारला. शिक्का हाताशी असलेल्या माणसाचं असंच होतं, कुठे मारू आणि कुठे नको.

पत्रात वाक्य एकच होतं, आणि ते खोटं होतं.

ही गोष्ट दोन हजार चार सालातली. पुण्याच्या कडेला, वारज्याच्या खालच्या अंगाला, मुठेच्या अगदी काठाला भैरोबाची आळी होती. घरं चौदा, त्यातलं एक संभाजीचं. गाव शहरात गेलं त्याला सात वर्षं झाली होती. वरच्या बाजूला हायवे आला, हायवेपलीकडे हिंजवडीला नोकरी करणाऱ्या पोरांसाठी टॉवर उठले. त्या टॉवरखाली आळीची शेतं गेली. शेतं गेली तसे पैसे आले, पैशांतून दाराशी गाड्या आल्या, आणि माणसांनी इतकं केल्यावर देवाने काय घोडं मारलंय म्हणून देवालाही नवं देऊळ आलं.

शिळेची हकिगत त्याच्या कितीतरी आधीची. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं आणि नदी आळीवर चालून आली. बायका-पोरं देवळात जाऊन उभी राहिली. पाणी चढत चढत उंबऱ्याखालच्या दुसऱ्या पायरीला लागलं, आणि तिथेच थांबलं. पुढे कुठल्या पाथरवटाने त्या पायरीच्या शिळेवर एक आडवी रेघ कोरली. तेव्हापासून दर आषाढात आळीतल्या बायका त्या शिळेवर नदीची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ ठेवून म्हणतात, ‘आलीस तेवढी पुरे बाई, याच्या वर येऊ नको.’ शिळा मात्र जागची हलवायची नाही. हलवली तर नदी तिला शोधत वर येते, असं जुनी माणसं सांगत. पहिली ओटी भरायचा मान मथुराबाईंचा. संभाजीची आई. पूर आला तेव्हा त्या नव्या नवरी होत्या, हळदीच्या अंगाने देवळात उभ्या होत्या. पाणी थांबलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली जीर्णोद्धार निघाला. इंजिनियर म्हणाला, चौथरा चार फूट उचला, नाहीतर हायवेवरून कळस दिसायचा नाही. हायवेवरून दिसत नाही तो देव कसला! अध्यक्ष संभाजीने समितीला न विचारता मान डोलावली. मथुराबाईंनी तेवढं एकच विचारलं, “आन् शिळा?” संभाजीने आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली, “शिळा जागची हलणार न्हाई.”

शपथ घेताना तो खोटं बोलत नव्हता. घोळ नंतर, देवळाभोवती आडोशाचे पत्रे लावून काम सुरू झालं तेव्हा झाला. चौथरा वर उचलल्यावर शिळा होती तिथेच ठेवली असती तर ती नव्या बांधकामाच्या पोटात गडप झाली असती, आणि आईने ओटी कशावर भरायची? वर घ्यावी तर शपथ मोडते. संभाजीने दोन दिवस डोकं खाजवलं. मग आळी सगळी एका लग्नाला गेली असताना, भर दुपारी, लातूरकडच्या कोंडीराम गवंड्याला हाताशी धरून त्याने शिळा काढली आणि नव्या उंबऱ्याखाली, नेमकी दुसऱ्या पायरीला बसवली. देवाच्या उंबऱ्यापासून मोजलं तर तिची जागा बदललीच नव्हती. अशी त्याने मनाची समजूत घातली. जुना चौथरा उकरून त्याचे दगड पायाच्या भरावात घातले, वर सिमेंट काँक्रीट ओतलं. काम चोख केलं.

पत्रे उतरले तशी आळीतली माणसं बुचकळ्यात पडली. पाच पायऱ्यांच्या अकरा कशा झाल्या?

“देऊळ वर गेल्यालं न्हाई,” संभाजी म्हणाला, “रस्ता खाली गेलाय.”

ड्रेनेजच्या कामासाठी देवळापुढचा रस्ता तेव्हा खरोखरच खोदून ठेवला होता. पुण्यात खोदलेल्या रस्त्यावर कुणी अविश्वास दाखवत नाही. पुढे रस्ता बुजला, त्यावर डांबर पडलं, पण तोवर लोकांना अकरा पायऱ्यांची सवय झाली होती. मथुराबाई त्या वर्षी ओटी भरून आल्या आणि शेजारच्या ज्ञानदेवला म्हणाल्या, “एवढं देऊळ बांधलं, पन माझ्या पोरानं शबूद मोडला न्हाई.” संभाजीने ते ऐकलं. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. आईच्या तोंडची शाबासकी त्याला सोडवेना.

आणि मग सहा वर्षांनी नम्रता मॅडम आल्या. ‘रेखांश’ नावाच्या खाजगी कंपनीला नदीकाठाचा आराखडा करायचं काम मिळालं होतं. वारज्यापासून थेट संगमापर्यंत, शहराच्या पोटातून, दोन्ही काठांनी बागा. जिथे पुणेकर नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात, तिथे त्यांनी संध्याकाळी येऊन बसावं, पोरांनी खेळावं. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. मोठा पूर जिथवर आला तिथवर घर नको, फक्त बाग. पाण्याला पसरायला जागा राहील आणि माणसाला बसायला. बाई मनापासून काम करणारी होती. तिच्या बोलण्यात कुठे लबाडी नव्हती.

शिळा पाहून ती पायरीवर बसलीच. रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, “काका, पुराची इतकी स्पष्ट खूण मला या भागात कुठेच मिळाली नाही. ही मूळ जागीच आहे ना? एवढं लिहून द्याल?”

शेजारी आई उभी होती. संभाजीने लिहून दिलं.

दोन महिन्यांनी आराखडा जाहीर झाला. ज्ञानदेव त्याची झेरॉक्स घेऊन धावत आला आणि संभाजीच्या ओसरीवर कागद पसरला. नदीला लागून हिरवा रंग होता आणि चौदाही घरं त्या हिरव्यात बुडाली होती. घरांच्या बदल्यात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला, खोल्या मिळणार होत्या.

“येडी झाली का ही मानसं?” ज्ञानदेव म्हणाला. “एकसष्टला पानी आपल्या दारात बी आलं नव्हतं!”

संभाजीने हिरव्या रंगाच्या कडेवर बोट ठेवलं. काठ ताटासारखा सपाट. चार फूट पाणी वर धरलं की ते दोनशे फूट आत पसरतं. नदीने जी घरं सोडली होती ती त्याने सही-शिक्क्यानिशी बुडवली होती.

हरकतींची सुनावणी पंधरा दिवसांवर होती. रोज सकाळी संभाजी ठरवायचा, आज आईला सांगायचं. आई समोर चहा ठेवायची आणि म्हणायची, “तू नको काळजी करू. म्या डोळ्यांनी बघितलंय. साहेबाला मी सांगते.” मग त्याचं तोंड चहापुरतंच उघडायचं. आळीतली माणसंही बेफिकीर होती. डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार घरात असताना भ्यायचं कशाला? फक्त संभाजीला माहीत होतं की आई जितकं खरं बोलेल तितकी ती अडकत जाणार आहे.

सुनावणीच्या दिवशी सगळी आळी दोन टेम्पोंतून शहरात गेली. लांबलचक खोली, वर पंखे, भिंतीवर आराखडा. टेबलामागचे अधिकारी मोजकं बोलणारे होते. एका बाजूला नम्रता मॅडम फाइल घेऊन बसल्या होत्या. आळीचा पुकारा झाला तशा मथुराबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

“पानी देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलं आन् थांबलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात थेंब शिरला न्हाई. मी तितंच हुबी व्हते.”

अधिकाऱ्यांनी समोरचा कागद पाहिला. “आजी, यातलं एक काहीतरी सांगा. ती पायरी तुमच्या घराच्या उंबऱ्यापेक्षा अडीच फूट उंच आहे. पाणी पायरीला लागलं असेल तर तुमच्या घरात अडीच फूट असणार. पाणी काही घर चुकवून देवदर्शनाला जात नाही.”

मागे कुणीतरी हसलं. मथुराबाई गोंधळल्या. “पन दोन्ही खरं हाय की, साहेब.”

“दोन्ही खरं असू शकत नाही.”

“दोन्ही खरं हाय,” त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. त्यांनी आधारासाठी मागे, संभाजीकडे पाहिलं. आयुष्यभर खरं बोललेली आपली आई भरल्या खोलीत खोटी ठरताना पाहणं संभाजीला सहन होईना. तो उठला.

“साहेब, आई खरं बोलती,” तो म्हणाला. “दोन्ही खरं हाय. शिळा हलवल्याली हाय. चार फूट वर घेतलीया. मीच घेतली, अठ्ठ्याण्णव साली.”

नम्रता मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी फाइलमधून एक कागद काढून वर धरला. लांबूनही त्यावरचे दोन गोल शिक्के दिसत होते.

“ही सही तुमची?”

“व्हय.”

“यात लिहिलंय की शिळा हलवलेली नाही. मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

“तवा.”

“तेव्हा घर जात नव्हतं, तरी खोटं बोललात. आता घर जातंय, तर खरं बोलताय. उलट नसतं का होत सहसा?” अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “पुरावा काय?”

जुना चौथरा संभाजीने स्वतः उकरला होता. जुना फोटो समितीतल्या कुणाकडे नव्हता, सगळे नव्या कळसाचे. इंजिनियरने सगळं तोंडीच सांगितलं होतं, आणि तो कधीच वारला होता. कोंडीराम काम संपताच गावी गेला तो गेलाच. स्वतःचं खोटं उघडं पाडायला एक दगडही त्याने मागे ठेवला नव्हता.

“गवंडी व्हता एक,” तो म्हणाला. “आता कुटं आसंल ठावं न्हाई.”

नम्रता मॅडम हळूच बोलल्या, “सर, आजी दरवर्षी त्या शिळेची पूजा करतात. त्यांना विचारावं. त्या हो म्हणाल्या तर मी पातळी पुन्हा मोजून देईन. चूक असेल तर रेषा मागे घेईन.” त्यांचा चेहरा उतरला होता. रेषा मागे गेली तर या टोकाची बाग जवळजवळ संपणार होती, तरी त्या म्हणाल्या.

अधिकारी मथुराबाईंकडे वळले. “आजी, तुम्ही सांगा. शिळा हलवली होती का? तुम्ही हो म्हणालात तर आम्ही पुन्हा मोजू.”

चौदा घरं त्यांच्याकडे पाहत होती. ज्ञानदेव दबक्या आवाजात म्हणाला, “म्हना व्हय, काकू.” संभाजी मनातल्या मनात देवाला हात जोडत होता. एक शब्द. एवढ्या एका शब्दावर सगळं वाचत होतं.

मथुराबाईंनी लेकाकडे टक लावून पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, माया होती, आणि तीच पाहून संभाजीच्या काळजाचं पाणी झालं.

“न्हाई साहेब,” त्या म्हणाल्या. “शिळा जितल्या तितंच हाय. माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली व्हती यानं. देवाच्या कामात खोटं बोलनारा न्हाई तो. घर जातंय, आईला कुटं ठेवू म्हनून जीव तुटतोय त्याचा, म्हनून पाप सोताच्या अंगावर घेतोय. तुमी मनावर घेऊ नका.”

“मग घरात पाणी?”

“त्रेचाळीस वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “आलं आसंल पानी घरात. मीच इसरले आसंन.”

“आई!” संभाजी ओरडला. “आई, खरंच हलवलीया मी!”

“खाली बसा,” अधिकारी म्हणाले. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, नम्रता मॅडमनी मान खाली घातली, आणि शिपायाने पुढच्या गावाचा पुकारा केला.

बाहेर जिन्यात ज्ञानदेव संभाजीच्या तोंडावर म्हणाला, “तवा खोटं बोललास का आज, कुनाला ठावं. पन दोन्ही डाव आमचंच घर गेलं.” बाकीची माणसं टेम्पोकडे गेली. संभाजी कठड्याला धरून उभा राहिला. मथुराबाई एकेक पायरी उतरत त्याच्याजवळ आल्या, पदराने त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसत तसं.

“घरापायी देवाची शपथ मोडतंय व्हय कुनी, येड्या?” त्या म्हणाल्या. “घर काय, दुसरं मिळंल. तू देवाशी खरा ऱ्हायलास, मला लई हाय तेवढं.”

“आई, ऐक. मी त्या दिवशी कोंडीरामाला घेऊन…”

“पुरे आता.” त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. “चल. जाता जाता विश्रांतवाडीची बस कुटनं सुटती, तेवढं इचारून ठिव.”