तिसऱ्या मजल्यावरची प्रार्थना

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही देशाची काळजी आपल्याच गळ्यात आहे, असं त्यांना वाटे. इमारतीत सगळे त्यांना बाईच म्हणत, कधीकधी नवरासुद्धा. नवरा बसचालक होता, तोही आता निवृत्त. उभा जन्म गर्दीत काढल्यामुळे घरात तो फारसं बोलत नसे, आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं की ऐकतही नसे.

त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, परदेशातून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. बेकरीत काम करणारा माणूस, त्याची बायको आणि म्हातारी आई. पहिला आठवडा शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला वरून आवाज येऊ लागला. एक जण काहीतरी म्हणे, मग सगळे मिळून एका सुरात म्हणत. पुन्हा एक, पुन्हा सगळे. चांगलं तासभर.

"अहो, ऐकू येतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला, आणि ते खरं होतं.

बाई स्वतः जिना चढून बघून आल्या. दाराबाहेर चपला-बुटांचे पाच जोड. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांवर त्यांनी दाराच्या भोकातून नजर ठेवली. एकीच्या डोक्याला घट्ट रुमाल, एकाची छातीभर दाढी, एकाच्या गळ्यात कसलासा ताईत. एकाचा धर्म दुसऱ्याशी जुळत नव्हता, आणि तेच बाईंना जास्त खटकलं.

"नवाच पंथ काढलाय यांनी. सगळ्यांना एकत्र ओढतायत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्याने तोवर यंत्र कानात घातलं होतं. "माझ्या बसमध्ये सगळ्या देवांची माणसं बसली," तो म्हणाला. "भांडणं झाली ती खिडकीच्या जागेवरून."

हे पटण्यासारखं होतं, म्हणून बाई आणखीनच चिडल्या. त्यांनी कागद घेतला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : 'विषय – राहत्या घरात अनधिकृत प्रार्थनास्थळ चालविले जात असल्याबाबत.' खाली आपली झोकदार सही ठोकली, जी बँकेलाही कधी धड वाचता आली नव्हती.

इमारतीचे सेक्रेटरी नियमाला इतके पक्के की स्वतःच्या घरातला नळ गळला तरी स्वतःलाच लेखी कळवत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारला. "पण बाई, ते लोक म्हणतात काय, हे यात नाही."

त्या संध्याकाळी बाई स्टुलावर चढल्या आणि स्टीलचा पेला छताला लावून कान देऊन उभ्या राहिल्या. 'कर्तव्य' ऐकू आलं. 'शांतता' ऐकू आलं. मग अगदी स्पष्ट, 'सर्वोच्च'.

"सर्वोच्च कोण, ते आता मी सांगायला नको," त्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना म्हणाल्या, आणि सातला दोघं वर गेले.

दार उघडंच होतं. आत काही माणसं खुर्च्यांवर, काही पालथ्या घातलेल्या डब्यांवर बसली होती. प्रत्येकाच्या हातात एकच पातळ पुस्तक. बाईंनी चष्मा सावरून नाव वाचलं. 'नागरिकत्व परीक्षा : शंभर प्रश्नोत्तरे.'

बेकरीवाला पाठ करून घेत होता. "कायदा कोण करते?"

"संसद कायदा करतो," सगळे एका सुरात म्हणाले.

बाईंच्या अंगावर काटा आला.

"सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कुठून येतात?"

"देवाकडून," म्हातारी आजी एकटीच म्हणाली.

"सरकारची अंगं किती?"

"चार!"

"तीन," बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

सगळे ताडकन उठून उभे राहिले. परीक्षेच्या कचेरीतूनच कोणी तपासायला आलं, असं त्यांना वाटलं असावं. बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आमची काही चूक झाली का?"

सेक्रेटरी जिन्याकडे बघू लागले. बाईंना अर्ज आठवत होता. पण चौतीस वर्षांची सवय त्याच्याहून जुनी होती.

"झाली तर," त्या म्हणाल्या. "चौथं अंग कुठून आणलंत? आणि संसद 'करतो' नाही, 'करते'. बसा खाली."

सगळे बसले. सेक्रेटरीही बसले.

तेव्हापासून वर्ग बाईंचा झाला. महिन्याभरात त्यांना कळलं की या मंडळींचं आपसात बिलकूल पटत नाही. रुमालवाली नर्स ताईतवाल्या टॅक्सीवाल्याशेजारी बसत नसे. त्याच्या देशाने तिच्या देशावर कधीकाळी स्वारी केली होती. दाढीवाल्या प्लंबरच्या मते नर्सचं कुटुंब नावालाच धार्मिक होतं. टॅक्सीवाला सगळ्यांत जुना, अकरा वर्षांपूर्वी आलेला.

"आमची गोष्ट वेगळी, बाई," तो एकदा म्हणाला. "पण आता हे जे नवीन येतात ना, ते कसले कसले लोक असतात. सरकारने थांबवायला पाहिजे."

बाईंनी रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे वाक्य गेल्याच महिन्यात आपण दुधाच्या रांगेत, अगदी याच चालीवर म्हटलंय, हे त्यांना आठवलं.

त्याच आठवड्यात बेकरीवाला वर्गात एक कागद घेऊन आला. सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे तो सूचनाफलकावर लावला होता. नियमात 'तीस दिवसांनी' होतं, म्हणून बरोबर तीस दिवसांनी.

"वाचायचा सराव करत होतो," तो म्हणाला. "यात 'अनधिकृत' म्हणजे काय?"

बाईंना कागद लांबूनच ओळखू आला. "परवानगी नसलेलं," त्या म्हणाल्या.

"आणि 'प्रार्थनास्थळ'?"

"देवाचं नाव घेण्याची जागा."

"कोणाच्या घरात आहे हे?"

सेक्रेटरींनी पुस्तकात डोकं खुपसलं. सही कोणाला वाचता येणार नव्हती. गप्प बसलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमच्या घरात," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलंय ते. तुम्ही हे प्रश्न पाठ करत होता, मला वाटलं पूजा चाललीय. विचारायला पायऱ्या होत्या अठरा. मी चढले, पण दार न वाजवताच उतरले आणि अर्ज लिहिला."

बेकरीवाल्याने कागदाची बारीक घडी घातली. त्याची बायको उठून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. आजीने लेकाच्या हातून कागद घेतला, उलगडला, डोळ्यांजवळ धरला.

"अक्षर चांगला आहे," ती म्हणाली.

"चांगलं," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

आधी नर्स हसली. मग टॅक्सीवाला, आणि ते दोघं एकाच वेळी हसले हे लक्षात आल्यावर दोघंही गप्प झाले. बेकरीवाल्याची बायको चहा घेऊन आली. बाईंचा कप तिने सगळ्यांत शेवटी दिला, पण दिला. दुसऱ्या दिवशी बाईंनी फलकावर जाहीर माफी लावली. सेक्रेटरींनी तिच्यावरही शिक्का मारला.

परीक्षेला बाई सगळ्यांबरोबर गेल्या आणि दाराबाहेर फेऱ्या मारत राहिल्या. आजी पास झाली. न्यायाधीश सरकार नेमतं हे तिने बरोबर सांगितलं, आणि सरकारला अक्कल कोण देतं असं परीक्षकालाच विचारलं. नर्स पास झाली, प्लंबर पास झाला, बेकरीवाला आणि त्याची बायकोही. नापास झाला एकटा टॅक्सीवाला. सगळी उत्तरं येत असून तो परीक्षकाशी रस्त्याच्या खड्ड्यांवरून वाद घालत बसला.

त्याची फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती. एकट्यासाठी तिसऱ्या मजल्यावर कशाला, म्हणून बाईंनी त्याला आपल्याच घरी बोलावलं. पहिल्याच दिवशी त्या चहा ठेवून बाहेर आल्या तर पुस्तक मिटलेलं होतं. नवरा कानात यंत्र घालून, दोन्ही हात हवेत धरून चढावर गिअर कसा बदलायचा ते दाखवत होता, आणि गेल्या वर्षभरात बोलला नसेल इतकं बोलत होता.

"पुस्तक उघडा," बाई म्हणाल्या.

दोघांनीही उघडलं.