जर्सीवरची कोंबडी

जवरीलाल शेठ सौदा करताना निसटायला एक फट ठेवूनच बोलायचे. "माल घेतो, पण ओल निघाली तर बोलणं नाही." "गाडी उद्या पाठवतो, पण रस्ता सुरू असला तर." अख्ख्या रनाळ्यात ह्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि अशा माणसानं जन्मातला सगळ्यात मोठा शब्द दिला तो फट न ठेवता, तोही हात जोडून, साध्वीजींसमोर. बुद्धी फिरते तेव्हा आधी सवय दगा देते, दुसरं काय!

त्याचं झालं असं. रनाळ्यात दर हिवाळ्याला कबड्डीचे सामने भरतात. मैदानाच्या कडेला लिंबाखाली पाण्याचे माठ आणि पितळी लोटे असतात ते शेठच्या घरचे. वडिलांपासून चालत आलेली ती सेवा. यंदा तर शेठची नात जिनलच गावच्या मुलींच्या संघाची कप्तान. अंतिम सामना बघायला राज्याच्या संघासाठी पोरी निवडणारी माणसं येणार होती. जिनलचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. यंदा दिसली तर दिसली, नाहीतर पुढच्या वर्षी कोण विचारतंय. शेठ तोंडानं म्हणायचे, पोरीच्या जातीला हे धसमुसळेपण कशाला, आणि तिची चढाई सुरू झाली की लोटा माठात तसाच बुडवून बघत बसायचे.

सामन्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता धर्मेंद्र, म्हणजे शेठचा लहानपणापासूनचा दोस्त सुकलाल पाटील, त्याचा मुलगा. पोरगा धडपड्या. त्यानं यंदा प्रायोजक आणला: नवापूर रस्त्याकडची 'सोनपंख' नावाची पोल्ट्री कंपनी. कंपनीनं मॅट दिली, दिवे दिले, सरावानंतर पोरींना उकडलेली अंडी दिली आणि जर्सी दिली. जर्सीवर छातीभर पिवळीधमक कोंबडी.

जिनलनं ती जर्सी घरी आणली आणि पतासीबाईंनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, ती धुऊन गच्चीवर वाळत घातली. शेठ सकाळी सामायिक, म्हणजे घडीभराचं ध्यान, करून उठले, वर गेले, तर दोरीवर कोंबडी! ज्या घरात दिव्याखालचा किडासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात, त्या घराच्या गच्चीवर कोंबडी हातपाय पसरून वाळतेय. शेठच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मंडळाची बैठक होती. शेठ गेले आणि बोलले. जीव मारून पोट भरणाऱ्यांच्या नावानं पोरींना मैदानात उतरवू नका, दुसरा कोणी बघा, मॅट नसली तर मातीवर खेळा, आपण मातीवरच खेळलो. धर्मेंद्रनं ऐकून घेतलं. मग तो अदबीनं म्हणाला, काका, फुलीबाईची रमिला मागच्या वर्षी चढाईला गेली की चक्कर येऊन पडायची, आता बघा कशी दोघी-दोघींना ओढून आणते. ते अंडं कोणाच्या देवाला चालत नाही हे मला ठाऊक, पण तिच्या अंगाला चाललं. शेठना ह्यावर उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही म्हणजे माणूस रागावतो. त्यात मागून कोणीतरी हसलं.

त्या दिवशी विहारात, म्हणजे गावोगावच्या पायी प्रवासात, असलेल्या दोन साध्वीजी शेठच्याच माडीवर उतरलेल्या होत्या. शेठ पारावरून तडक वर गेले आणि हात जोडून म्हणाले, मला पच्चक्खाण द्या, जन्माचा नेम द्या. ज्या घरात कोंबडी-अंड्याचा पैसा येतो, त्या घरचं अन्न मी यावज्जीव घेणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं धर्मेंद्रचं घर, सुकलालच्या ओट्यावरचा तो रोजचा चहा. मोठ्या साध्वीजींनी विचारलं, काही आगार ठेवायचं का? आगार म्हणजे व्रतातली सूट: आजारपणात चालेल, परगावी चालेल, अशी. पच्चक्खाण घेताना माणूस ती आधीच मागून ठेवतो. जन्मभर फटी ठेवत आलेले शेठ म्हणाले, "काही नको. सरळ द्या." सकाळी साध्वीजी मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, सांगून दोंडाईच्याकडे चालत्या झाल्या.

त्या गेल्या आणि खळ्यात मक्याची गाडी भरायला लागली. आडतीचं सगळं काम आता मुलगा महावीरच बघायचा. शेठ फक्त गादीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करायचे. आज ते सहज उठून बाहेर आले, आणि ट्रकच्या फाळक्यावर तीच पिवळी कोंबडी. त्यांना वाटलं, जर्सी डोक्यात बसलीय, म्हणून भास होतोय. जवळ जाऊन हात लावला. रंगच होता.

महावीरला विचारलं तर तो म्हणाला, "सोनपंखची गाडी आहे, बाबूजी. आपला सगळा मका तिथेच जातो, खाद्याला. आत्ता त्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या एवढंच." शेठ म्हणाले, मका तर स्टार्चच्या कारखान्याला जातो. महावीर हसला. तो कारखाना मका घेईनासा झाला त्याला कैक वर्षं झाली. सांगितलं होतं तुम्हाला, तुम्ही हं म्हणाला होतात.

शेठ हं म्हणाले असतील. दिवसातून किती वेळा माणूस हं म्हणतो!

दुपारी ताट वाढलं. मुगाची डाळ, फुलके, वर तूप. शेठनी घास मोडला आणि हात तिथेच राहिला. ज्या घरात कोंबडीचा पैसा येतो त्या घरचं अन्न. हेच घर की! धर्मेंद्रच्या दाराला कुलूप लावायला गेले आणि स्वतःच बाहेर राहिले. त्यांनी पतासीबाईंना हळूच सगळं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, आगार? शेठनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्या म्हणाल्या, पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात पळवाट ठेवणाऱ्या घराण्यात मी पडले, आणि नेमकी हवी तेव्हाच तुम्ही ठेवली नाही. मग डोळ्यांना पदर लावला आणि ताट उचललं.

झालं, शेठ उपाशी. फक्त उकळलेलं पाणी. आणि त्यांनी बायकोला बजावलं, कोणाला सांगू नको. काय सांगणार? काल पारावर ज्यांना धर्म शिकवला, त्यांना सांगायचं की माझ्या ताटातली पोळीसुद्धा त्याच कोंबडीच्या पैशाची?

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच! शेठ जेवत नाहीत ही बातमी गावभर झाली, आणि ज्यानं त्यानं तिला आपापला अर्थ लावला. नंदुरबारच्या समाजातल्या बायका शाता, म्हणजे खुशाली, विचारायला आल्या, म्हणाल्या, मोठी तपस्या मांडली शेठनी, धन्य आहे. धर्मेंद्रच्या विरोधातली पार्टी हार घेऊन आली, म्हणाली, शेठ, कंपनीविरुद्ध तुम्ही उपोषणाला बसलात, आमचा जाहीर पाठिंबा. त्या पार्टीतल्या एकाचा तर चिकनचाच गाडा होता, आणि पहिला हार त्यानंच घातला. शेठची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर खरं सांगावं लागणार, हो म्हणावं तर खोटं बोलल्याचं पाप. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते आपले हात जोडून गप्प बसले, आणि लोक म्हणाले, बघा, मौनही धरलंय.

दुसऱ्या दिवशीही तेच. पोटात आग आणि डोक्यात गोंधळ. पोट निदान उकळलेल्या पाण्यानं थोडं शांत व्हायचं. शेठ पडल्या पडल्या हिशेब लावायचे: महावीरला मका थांबव म्हणावं, तर गावचा मका कोण घेणार? सुकलालचाच ढीग खळ्यात पडलेला. त्याच्या घरची चूल त्या मक्यावर. म्हणजे दोस्ताचं ताट काढून घ्यायचं आणि आपलं शुद्ध करायचं? ह्याला अहिंसा म्हणतात का? मग रमिला आठवायची. मग गच्चीवरची जर्सी आठवायची. पुन्हा पहिल्यापासून.

जिनल रागावलेली होती. ती आजोबांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची आणि सरावाला निघून जायची. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती आत आली. "दादाजी, तुम्ही माझ्यामुळे जेवत नाही ना? मी ती जर्सी घालते म्हणून?" शेठ म्हणाले, तसं नाही बेटा. मग कशामुळे, तिनं विचारलं. शेठ छताकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मग मी नाही खेळत. तुम्ही मेलात आणि मी जिंकले, असं मला नको." आणि गेली. शेठना एवढं रडू आलं की उशी तोंडावर धरावी लागली.

तरीही ते बोलले नाहीत. अब्रूची भूक पोटाच्या भुकेपेक्षा चिवट, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी सुकलाल आणि धर्मेंद्र बाप-लेक आले. धर्मेंद्रचं तोंड उतरलेलं. सुकलाल खाटेच्या कडेला टेकला, शेठच्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाला,

"शेठ, आम्ही कंपनी काढी टाकी. मॅट गुंडाळी, दिवा उतरावी दिनात. मॅट नही ते आज सामना नही. आते जेवी ल्या."

आज सामना नाही. शेठ उठून बसले. जिनलला बघायला आलेली माणसं मैदानावर बसलेली असतील. ती रिकामी परत जातील, आणि उद्या अख्खं गाव म्हणेल, शेठनी जिंकलं. कशाविरुद्ध जिंकलं? पोरीविरुद्ध? आणि एवढं होऊन जेवणार कुठे, घरात तर तोच मका! आता मात्र त्यांच्या मनातलं काहीतरी सरळ झालं. सगळं नाही, एकच. ते म्हणाले, मला मैदानावर न्या.

मैदानावर सगळं गाव गोळा झालेलं होतं, आणि अर्धं गाव शेठवर चिडलेलं. गुंडाळलेली मॅट एका कडेला, तिच्यावर मुली बसलेल्या. जिनल साध्या कपड्यात, दूर. धर्मेंद्रनं माइक दिला. नुकत्याच वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका वाऱ्यावर येत होता, आधी खोकलाच आला. मग ते बोलले, गावच्याच बोलीत.

"मी तुमनाविरुद्ध उपाशी नही शे. मी नेम लिधा, ज्या घरमा कोंबडीना पैसा येस त्या घरनं अन्न खावानं नही. मंग समजनं, ते घर मन्हंच शे. मन्ह्या आडतनी मक्की त्याच कंपनीले जास. मी लाजे मरी ऱ्हायंतू म्हणीसन बोलनू नही. पोरींसले खेळू द्या."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं शेठना वाटलं. चिकनचा गाडेवाला पार्टीच्या मागे जाऊन उभा राहिला. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले, कारण मका कोणाचा नव्हता? शेवटी सुकलाल म्हणाला, मका तर माझाही होता. मग तुमच्या नेमाला आता गावात घर कोणतं उरलं?

तेवढ्यात रमिलाची आई फुलीबाई उठली आणि आपल्या पिशवीतून एक फडकं काढून आली. ती मूळची सातपुड्यातली, सालदारकीला गावात राहायची, मजुरी धान्यातच घ्यायची. घरी तळहाताएवढा जमिनीचा तुकडा, त्यात पिकेल ती ज्वारी घरातच संपायची. तिला धर्माशी काही घेणं नव्हतं. तिला पोरीचा सामना सुरू व्हायला हवा होता, आणि हा म्हातारा मधेच आडवा पडलेला. शेठ जेवत नाहीत म्हणून घरूनच बांधून आणलेल्या त्या फडक्यात ज्वारीचं पीठ होतं, चार सुक्या मिरच्या आणि मीठ. शिधा. ज्याला आपल्या हातचं शिजलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा द्यायचा, ही इकडची जुनीच रीत.

"मन्ह्या कोंबड्या शेतस, पन मी इकत नही. घरमाच ऱ्हातस," ती म्हणाली. "त्यास्ना पैसा मन्ह्या घरमा येत नही. हाई ल्या आनि मॅट आथरू द्या."

कोंबड्या आहेत, पण पैसा नाही. पच्चक्खाणाच्या शब्दात बसत होतं. तंतोतंत बसत होतं. ती त्या कोंबड्या कापून खाते हे मात्र शेठना ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या कोंबडीला नाही म्हटलं, आणि आता कोंबडी खाणाऱ्या घरचं पीठ घेऊन नेम पाळायचा? शेठनी त्या फडक्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे केले.

मॅट अंथरली गेली. शेठ लिंबाखाली माठांजवळ बसले. जिनल पळत घरी गेली आणि कोंबडी घालून आली. रमिलानं तिसऱ्या चढाईला तिघींना ओढून आणलं तेव्हा शेठ ओरडले, आणि ओरडल्यावर त्यांना आठवलं, हे बळ कशाचं. पण ओरडून तर झालं होतं. सामना आपल्या पोरींनी जिंकला. निवडणाऱ्यांनी जिनलचं आणि रमिलाचं, दोघींचं नाव लिहून घेतलं.

सूर्यास्तानंतर शेठ जेवत नसत, म्हणून दिवस मावळायच्या आत पतासीबाईंनी त्या पिठाच्या भाकरी थापल्या. मिरची, मीठ, एवढंच. तेलसुद्धा घरचं म्हणून घेतलं नाही. जिनल समोर मांडी घालून बसली, जर्सी न बदलता, घामानं भिजलेली. शेठ भाकरी मोडतात तर कोंबडी समोरून बघतेय.

पहिला घास खाताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मिरचीमुळे, असं ते म्हणाले.

"दादाजी," जिनलनं विचारलं, "हे पीठ संपल्यावर?"

शेठ काही बोलणार तेवढ्यात महावीर दारात आला. कंपनीची गाडी खळ्यात उभी होती, सुकलालचा मका भरायचा राहिला होता, ड्रायव्हर खोळंबला होता. भरू का, त्यानं विचारलं.

शेठच्या तोंडून सवयीनं निघालं, "सांगतो उद्या, पण..." आणि ते थांबले. पणच्या पुढे आयुष्यभर काही ना काही ठेवलेलं असायचं. आज शोधलं तर काहीच नव्हतं. महावीर उभा होता, नात बघत होती, भाकरी गार होत होती, आणि दिवस मावळायला आला होता.

"आधी जेवू दे," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.