हापशाचं वायसर

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. तुळजापुरात नारायणराव उपाध्यांच्या घरी हापसा आला आणि त्यांच्या सुनेला, चारुशीलेला वाटलं, सुटलो बाई एकदाचे! रोज पहाटे ओलेत्यानं आडातून देवपूजेचं पाणी शेंदायचं, मग सोवळ्यातल्या स्वयंपाकाचं. सात वर्षांत हाताला असे घट्टे पडले होते की रेशमी लुगड्यावरून हात फिरवला तर धागे निघायचे. नवरा अंबादास शाळामास्तर. बायकोच्या हातांकडं त्याचं उशिरा का होईना लक्ष गेलं, हे नशीबच म्हणायचं.

हापसा बसवायला उमरग्याचे शिवलिंगप्पा मिस्त्री आले. माणूस कामाचा, पण तोंडाला कुलूप नाही. नारायणरावांनी सहज विचारलं, "आत काय बसवलंय?"

"वायसर हाय की पंत. अस्सल चामडं! धा वर्सं हालायचं न्हाय."

झालं! सासऱ्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. हापशाचं पाणी धुण्याभांड्याला. देवाला आणि सोवळ्याला आडाचंच, दोरानं शेंदलेलं. चारुशीलेनं मिस्त्रींकडं असं पाहिलं की बिचारे चहा अर्धा टाकून उठले.

तिला आधी रडू आलं, मग राग आला, आणि रागातून युक्ती सुचली. अंबादास आठवडाभराच्या शिबिराला उस्मानाबादला गेला आणि दुसऱ्याच दिवशी तिला कावळा शिवला. तसा तो दहा दिवसांपूर्वीच शिवून गेला होता, पण सासरा कुठं सुनेला असलं विचारतोय! ती खुशाल मागच्या पडवीत जाऊन बसली. आता तीन दिवस कशालाही हात लावायचा नाही.

घरात दुसरं कुणी नव्हतं. नारायणराव ओला पंचा नेसून स्वतः आडावर उभे राहिले. पहिल्या दिवशी खणखणीत स्तोत्र म्हणत शेंदलं. दुसऱ्या दिवशी स्तोत्र अर्ध्यावर राहिलं. तिसऱ्या दिवशी नुसतंच "आई गं!" पडवीत चारुशीला तोंडात पदर कोंबून हसत होती. पासष्टीचा म्हातारा कण्हतोय आणि आपण हसतोय, याची तिला लाजही वाटत होती.

पूजा उरकून नारायणराव जपाला बसले. माळ काही पुढं सरकेना. बराच वेळ ते आपल्या बुडाखाली बघत राहिले, मग उठले आणि शिवलिंगप्पांना बोलावणं धाडलं; ते अजून गावातच दुसरे हापसे बसवत होते.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"हरणाचं कातडं."

"मृगाजिन म्हणतात याला. यावर बसून केलेला जप देवाला चालतो, मग यातून आलेलं पाणी का चालू नये? कापा, आणि वायसर करा याचं."

"लई पातळ हाय पंत. चार म्हैन्यांत झिजंल."

"झिजू द्या. अजून पुष्कळ कातडं शिल्लक आहे."

तासाभरात नवं वायसर बसलं. नारायणरावांनी पडवीकडं तोंड करून हाक दिली, "सूनबाई, ये. तूच हापसून बघ."

चारुशीला दचकली. "मी? पण मामंजी, माझा आज तिसरा..."

"गावाला पंचांग सांगून पोट भरतो मी," नारायणराव म्हणाले. "दिवस मोजता येतात मला."

तिचे कान लालबुंद झाले. वर बघायची हिंमत होईना. खाली मान घालूनच ती आली आणि तिनं दांडा धरला. नारायणरावांनी देवपूजेची कळशी आपल्या हातानं धारेखाली धरली.