दहा मिनिटांचं शून्य

त्या घरात माणसाची किंमत त्यानं किती गोल मारले यावर ठरत नसे, समोरच्याला किती मारू दिले नाहीत यावर ठरे. बाबा पंपांच्या कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या हॉकी संघाचे गोलकीपर. एकवीस वर्षांत एक्केचाळीस सामने त्यांनी समोरच्या संघाला एकही गोल न देता काढले होते आणि ते एक्केचाळीसच्या एक्केचाळीस त्यांना तारीखवार पाठ होते. लग्नाची तारीख मात्र दरवर्षी आईला सांगावी लागे. ताई फुटबॉलची गोलकीपर, तिची शून्यं एकोणीस. दादा क्रिकेटमध्ये मध्यमगती गोलंदाज, एकही धाव न देता षटकांमागून षटकं टाकणारा. पण एक षटक कोरं गेलं म्हणजे सामना कोरा गेला असं होत नाही, हे बाबांचं मत. त्यामुळे दादाची निर्धाव षटकं घरात सहाला एक शून्य या भावानं धरली जात. दादानं यावर बरीच वर्षं वाद घातला आणि मग कानाला खडा लावला.

राहिली धाकटी. ती हँडबॉलची गोलकीपर होती, आणि हँडबॉलमध्ये शून्य नसतं.

नसतं म्हणजे होऊच शकत नाही. समोरची बाई पळत येते, उडी मारते आणि सहा-सात मीटरवरून हातानं चेंडू फेकते. तासाभराच्या सामन्यात एकेका बाजूचे वीस-पंचवीस गोल होतात. तीनातला एक चेंडू अडवला तरी गोलकीपर चांगली म्हणायची. धाकटीनं एकदा समोरच्या संघाला चौदावर रोखलं होतं, तेव्हा तिच्या, म्हणजे मार्केटमधल्या दुकानांच्या, संघातल्या बायकांनी तिला खांद्यावर घेऊन हॉलला फेरी मारली. तिनं हे घरी येऊन सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "चौदा खाल्ले आणि मिरवणूक?"

घरात आणखी एक नियम होता. ज्यानं शून्य आणलं त्याला त्या दिवसाची भांडी माफ. ताई आणि दादा आपापल्या संसाराला लागेपर्यंत आलटून पालटून सुटत राहिले. धाकटी अकरा वर्षं सिंकपाशी उभी होती. आई शेजारी उभी राहून पुसायची आणि म्हणायची, "मीही कधी शून्य आणलं नाही बाई. म्हणून तर आपण दोघी इथे."

दिवसा धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करी. भिंगं मापाला घासायची, फ्रेममध्ये बसवायची, काड्या सरळ करायच्या. तिच्या दोन बोटांना कायम चिकटपट्टी असे, कारण चेंडू बोटांच्या टोकांवर आदळतो. दुकानाचा मालक कुरकुरे. "गिऱ्हाईक विचारतं, मशीन धोक्याचं आहे का म्हणून," तो म्हणायचा. बोटांचं तिनं कधी मनावर घेतलं नाही. पण या वर्षी गुडघा बोलायला लागला, डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, आणि तिनं ठरवलं की हंगामाचा शेवटचा सामना झाला की पुरे.

हे तिनं रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना सांगितलं. सांगताना बाबांकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांत बाबा तिचा एकही सामना बघायला आले नव्हते. ताईचे सगळे बघितले, दादाचे उन्हात बसून बघितले. धाकटीनं कधी बोलावलं नाही, कारण बोलावून नाही म्हणाले असते तर तिला फार लागलं असतं. त्यापेक्षा न बोलावणं सोपं.

बाबांनी भातावर ताक ओतून घेतलं. मग म्हणाले, "तीस-तीस मिनिटांचा ना तुमचा खेळ?"

"हो."

"त्यात सलग दहा मिनिटं एकही गोल न खाता उभी राहून दाखव. मी ते शून्य धरीन. अख्खं."

दादाचा घास हातात राहिला. "मला सहा षटकांना एक आणि हिला दहा मिनिटांना एक?"

"तू बावीस यार्डांवरून टाकतोस," बाबा म्हणाले. "हिच्यावर सहा मीटरवरून मारतात. आणि तुझ्यापुढे बॅट धरून एकच जण असतो."

सहा मीटर हे बाबांना कुठून कळलं, ते कुणी विचारलं नाही. धाकटीनं भांडी घासताना सगळा हिशोब मांडला. सलग दहा मिनिटं म्हणजे साधारण बारा-चौदा हल्ले, आणि तिला आजवर सर्वांत जास्त साधलेली वेळ सहा मिनिटं होती. हे म्हणजे भिंतीला डोकं लावून भिंत हलते का बघण्यासारखं होतं. तरीही तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की स्वतःची लाज वाटावी.

पुढचं काम आईनं केलं. हँडबॉल लीगच्या टेबलावर गोल लिहिणारा गृहस्थ अपेंडिक्स काढून घरी पडला होता आणि सेक्रेटरी एखादा निवृत्त, सुवाच्य अक्षराचा माणूस शोधत होता. आईनं बाबांना न विचारता त्यांचं नाव देऊन टाकलं. बाबा चिडले, पण इस्त्रीचा शर्ट काढायला सांगितला.

सामना छापखान्याच्या संघाशी होता. हॉल जुना, लाकडी जमिनीचा. मधोमध भिंतीला लागून टेबल. टेबलावर कागद, पेन आणि आकड्यांच्या पाट्या ओवलेला फलक. गोल झाला की कागदावर वेळ लिहायची आणि पाटी उलटायची, एवढंच काम. रेफरी एकच, शाळेत कवायत शिकवणारा.

बाबांनी तिसऱ्याच मिनिटाला गोंधळ घातला. छापखान्याच्या एका बाईनं लांबून चेंडू मारला, गोल झाला, आणि बाबांनी पाटी उलटलीच नाही. रेफरी टेबलाशी आला.

"सर्कलच्या बाहेरून मारलाय," बाबा ठामपणे म्हणाले. "कसा धरायचा?"

"काका, ते हॉकीत. इथे बाहेरूनच मारायचा असतो. आत पाय पडला तर फाउल."

हॉलमध्ये हशा पिकला. बाबांनी मूग गिळून पाटी उलटली. धाकटीनं गोलातून हे पाहिलं आणि तिचे कान तापले. त्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात तिच्यावर अकरा गोल झाले. प्रत्येक गोलानंतर तिची नजर आपसूक टेबलाकडे जाई आणि तिथे पाटी उलटणारा हात दिसे. फिटरचा हात तो, एकाही पाटीचा आवाज होत नव्हता.

दुसऱ्या अर्ध्या तासातही तेच चाललं होतं. एक्केचाळीस मिनिटं वीस सेकंदांवर छापखान्याचा सतरावा गोल झाला. मार्केटचे तेव्हा अठरा होते.

त्यानंतर काय झालं हे धाकटीला नीट सांगता आलं नसतं. एक चेंडू तिच्या घोट्याला लागून बाहेर गेला. एक खांबाला लागला, हे नशीब. मग दोन लागोपाठ तिनं छातीवर घेतले. छापखान्यात क्रेन म्हणून एक बाई होती, सहा फूट उंच, डावखुरी, तिचा चष्मा धाकटीनंच बसवून दिलेला. तिनं सात मीटरवरून पेनल्टी मारली आणि धाकटीनं ती गुडघ्यानं अडवली, दुखऱ्या गुडघ्यानं. मार्केटचे एकोणीस झाले. संघातल्या बायका आरडाओरडा करत होत्या, पण दहा मिनिटांचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं.

दारावरच्या घड्याळात तिनं पाहिलं, सेहेचाळीस. मग एकोणपन्नास. टेबलाकडे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं आणि पाहिलं. बाबा उभे होते. गोल लिहिणारा माणूस कधी उभा राहत नाही.

एक्कावन्न मिनिटं दहा सेकंदांना क्रेन उडाली. खाली येताना ती मार्केटच्या एका खेळाडूवर आदळली, दोघी धाडकन जमिनीवर पडल्या. रेफरी शिट्टी वाजवत तिकडे धावला. पण चेंडू हातातून आधीच सुटला होता. तो धाकटीच्या डाव्या काखेखालून गेला आणि जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून निघून मागच्या भिंतीवर आपटला. तिला वाराही लागला नाही, इतक्या वेगात गेला.

पडलेल्या दोघींना बर्फ लावून झाल्यावर रेफरीनं वर पाहिलं. चेंडू गोलाच्या मागे भिंतीशी पडला होता. फलकावर सतराच होते.

छापखान्याची कोच टेबलापाशी आली. "अठरा करा."

"बाहेर गेला," बाबा म्हणाले.

"आतून गेलाय. जाळी फाटकी आहे."

"मी टेबलावर आहे. मी सांगतो, बाहेरून गेला."

"काका परत हॉकी खेळायला लागले," कुणीतरी मागून म्हणालं, आणि थोडं हसू झालं. बाबा हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. खेळ थांबला तसं घड्याळही थांबवलेलं होतं, दहा मिनिटं भरायला दहा सेकंद उरलेले.

त्या लीगचा एक रिवाज होता. रेफरीला दिसलं नाही तर गोलकीपरला विचारायचं, आणि ती सांगेल ते धरायचं. कारण साधं होतं. सगळे एकाच गावातले. खोटं बोलून सामना जिंकाल, पण दुसऱ्या दिवशी त्याच बाईच्या दुकानात जावं लागेल. म्हणून आजवर कुणी खोटं बोललेलं नव्हतं, निदान कुणी पकडलं गेलेलं नव्हतं.

रेफरी धाकटीपाशी आला. "आत का बाहेर?"

तिनं टेबलाकडे पाहिलं. बाबा तिच्याकडेच पाहत होते आणि तिला एका क्षणात कळलं की त्यांनी पाहिलंय. एकवीस वर्षं ज्यानं चेंडूवरची नजर हलू दिली नाही, त्याला हा दिसला नाही असं होणं शक्य नव्हतं. बाबा खोटं बोलत होते. तिच्यासाठी. याचा आनंद किती आणि संताप किती, हे तिला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

"आत," ती म्हणाली. "डाव्या काखेखालून."

बाबांनी पाटी उलटली. या वेळी आवाज झाला.

मार्केटनं सामना एका गोलानं जिंकला. बायकांनी धाकटीला पुन्हा उचललं, रडल्या, निरोपाच्या भेटवस्तूचं पाकीट हातात दिलं. क्रेन लंगडत येऊन गळ्यात पडली. टेबलावर बाबा कागदावर सही करत होते.

दोघं पायी घरी निघाले. ऊन अजून होतं. दोघांनी चौक ओलांडला.

"मला दिसला होता," बाबा म्हणाले.

"माहितीय."

"दहा सेकंदांचा प्रश्न होता."

"बाबा, अकरा वर्षं मी जे अडवलं ते बघायला तुम्ही आला नाहीत. आणि आज आलात तर जो गेला तोच लपवलात." तिचा आवाज चढला नव्हता, पण चालणं थांबलं होतं. "असलं शून्य घेऊन मी काय करू? मला तुम्ही यायला हवे होतात. एवढंच हवं होतं."

बाबा फुटपाथच्या कडेला उभे राहिले. एक सायकलवाला घंटी वाजवत मधून गेला. बाबांनी डावा हात किंचित उचलला, कोपर अंगापासून जरा दूर केलं, आणि त्या हाताखालच्या जागेकडे मान वाकवून पाहिलं. पुन्हा एकदा केलं, या वेळी पाय हलवून. लोक वळसा घालून जात होते.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "तो माझ्याकडूनही गेला असता."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. असं वाक्य त्या घरात तोवर कुणी कुणाला म्हटलं नव्हतं.

"हात खाली ठेवला असता तर?" तिनं विचारलं.

"तरी गेला असता," बाबा म्हणाले, आणि दोघं चालू लागले.