शेवटचा आकडा

“आठ नवी गेटं आणि दुप्पट मोठा वाहनतळ,” साहेबांनी नकाशावर बोट टेकवलं. “म्हणजे पुढची वीस वर्षं बघायला नको.”

मुख्य कार्यालयातून आलेल्या मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. समुद्रापासून शेकडो मैल आत, ट्रकने आलेले कंटेनर तपासून सोडणाऱ्या या कोरड्या बंदराचा पुढचा आराखडा त्यांना करायचा होता. सरहद्दीपलीकडून आलेला ट्रक इथे पाच-पाच तास अडकतो, हे त्यांना छळत होतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे त्या वळल्या.

“मामा, तुम्ही सांगा. ट्रक का थांबतात?”

सीलमामा दचकला. सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. कंटेनरच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि कागदाशी ताडून पाहायचा. सरहद्दीवर हेच एकदा झालेलं असे, इथे पुन्हा. बंदर कसलं, पाणी तर नळालासुद्धा तासभरच, अशी थट्टा करत ड्रायव्हर मंडळी रांगेत बसत.

त्यांतला एक सरहद्दीपलीकडचा. मामा त्याला पाहुणा म्हणायचा. दर पंधरवड्याला पाहुणा ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवी, दोन कप चहा करी, आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसून दोघं सुखदुःखाचं बोलत. मामाला मागेपुढे कोणी नव्हतं. वर्षाकाठचे ते पंचवीस चहा, हाच त्याचा गोतावळा.

गेल्या वर्षी एकदा ट्रक चिखलाने माखून आला. पाहुणा खाली उतरलाच नाही.

“मामा, आज चहा नको. घरून फोन आलाय, बायकोचं काही खरं नाही. जरा लवकर सोडा.”

मामाने घाईघाईने अंगठ्याने सील पुसलं आणि वाचलं. शेवटचा आकडा तीन. कागदावर आठ होता. नंबर जुळला नाही की ट्रक संशयाच्या रांगेत. मग प्रत्यक्ष देव आला तरी साहेबांच्या सहीशिवाय तो हलत नाही. साहेब चार तासांनी आले. ओल्या फडक्याने सील पुसलं, तर आठच. इंग्रजी आठाची डावी बाजू चिखलाखाली राहिली होती.

पाहुणा घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चूक एकाची आणि भोग दुसऱ्याच्या कपाळी, हे कोडं भल्याभल्यांना सुटलेलं नाही, तिथे मामाची काय कथा. पुढच्या फेरीला पाहुण्याने नेहमीसारखे दोन कप भरले. “तिची वेळ भरली होती, मामा. तुमचा काय दोष?” त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं. तेव्हापासून मामाच्या खांद्यावर कायम ओलं फडकं असे.

“मामा?” मॅडम वाट पाहत होत्या.

“गेटं वाढवू नका,” मामा म्हणाला. “थांबवूच नका त्यांना. सरहद्दीवर सील तपासलेलं असतंच. इथे जाता जाता यंत्राने वाचा. जुळलं की सोडून द्या.”

“अहो मामा, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेताय,” साहेब हसले. “मग तुम्ही काय करणार?”

“बसेन कुठेतरी. त्यांची घरी कोणी वाट बघत असतं, साहेब.”

मॅडमनी हे मात्र लिहून घेतलं.

वर्षभरात यंत्र बसलं. ते सुरू होण्याआधीच्या शेवटच्या फेरीला मामाने पाहुण्याला सांगून टाकलं, “ही अक्कल माझीच बरं का.”

पाहुणा बराच वेळ कप विसळत राहिला. “चांगलं केलंत. लेक म्हणते, बाबा, एकदा तरी वेळेवर जेवायला या.” मग हळूच म्हणाला, “पण थांबावंसं वाटलं तर?”

“नव्या रांगेत थांबता येत नाही. दंड आहे.”

“हीपण तुमचीच अक्कल?”

दोघंही हसले. हसू फार टिकलं नाही.

मामाला गोदामात बसवलं. पंधरवड्याने, भर दुपारी, तो कुंपणाशी येऊन उभा राहिला. ट्रक आला, हिरवा दिवा लागला. पाहुण्याने वेग कमी केला, तसा मागच्याने हॉर्न वाजवला. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि ट्रक पुढे सरकला. मागच्या दारावरचं सील समोर येताच मामा सवयीने मोठ्याने नंबर वाचू लागला. शेवटचा आकडा यायच्या आत ट्रक वळला. हात अजून बाहेरच होता.

मामाने खांद्यावरचं फडकं काढलं, पिळलं, कुंपणाच्या तारेवर नीट पसरून वाळत घातलं, आणि तो गोदामाकडे चालू लागला.