बैल वजा करून

छबूबाईचं जबाबी कार्ड टेबलाच्या काचेखाली दोन वर्षं आणि एक महिना पडून होतं. जोडकार्डाच्या एका अर्ध्यावर तिच्या गावच्या मास्तरांच्या अक्षरात मजकूर. दुसरा अर्धा कोरा, उत्तरासाठी. त्यावर तिनं स्वतःचा पत्ताही लिहवून घेतला होता. अण्णांना तेवढाही त्रास नको म्हणून. बोरुडे अण्णांना सगळ्यात जास्त टोचायचा तो हा पत्ता.

'घोडेगावच्या बाजारात आमचे मालक गोरक्षनाथ यांचा फोटू आपण काढला होता व आपला पत्ता लिहून दिला होता. मालक मार्गशीर्षात वारले. घरात दुसरा फोटू नाही. धाकटी बापाचं तोंड विसरत चालली आहे. तरी पाठवावा.'

फोटो होता. पण पाठवावा असा नव्हता.

राधाकृष्ण बोरुडे भूमापन कचेरीत जन्मभर नकाशे काढून निवृत्त झाले आणि श्रीरामपुरात पुस्तकं आणि बॉक्स कॅमेरा घेऊन बसले. चारचौघांत बोलणं त्यांच्या जिवावर येई. कॅमेरा पुढं धरला की बोलावं लागत नसे, म्हणून ते बाजार हिंडत. त्या दिवशी एका पागोट्याखालचा चेहरा त्यांना आवडला. त्यांनी फोटो काढला, तसा तो माणूस लाजून, शेजारच्या बैलाकडं हात करून म्हणाला होता, "माझं राहू द्या वो. ह्याचा काढा. जोडीतला एक गेला, आता ह्यालाबी एकट्याला ठिवून काय करू?" तेवढ्यात दलालानं त्याचा हात रुमालाखाली ओढला. रुमालाआड बोटं धरून भाव ठरू लागला. बैल आता जाणार, म्हणून अण्णांनी घाईनं कळ दाबली. मध्ये रीळ पुढं सरकवायचं राहून गेलं.

एका चौकटीत दोन फोटो. माणसाच्या चेहऱ्यावर बैलाचं कपाळ, गालातून निघालेलं शिंग.

कार्ड आलं तेव्हा अण्णांनी ठरवलं की आधी चेहरा मोकळा करायचा, मग उत्तर द्यायचं. एका मासिकात त्यांनी वाचलं होतं की दूरच्या ग्रहाचा फोटो पृथ्वीवर नुसत्या आकड्यांत आला. उजेडाला एक आकडा, अंधाराला दुसरा, आणि त्या आकड्यांची चित्रं काँप्युटर नावाची यंत्रं करतात. अण्णांना वाटलं, चौकटी आखणं तर आपलाच धंदा होता.

स्टेशनाजवळच्या कादरभाईंच्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी निगेटिव्हचा उजेड आलेख-कागदावर पाडला. साठ आडव्या, ऐंशी उभ्या. चार हजार आठशे चौकटी. प्रत्येकीला शून्य ते नऊ आकडा. मग तसल्याच, कपाळावर चांद असलेल्या बैलाचा वेगळा फोटो हवा होता. त्याचे आकडे काढून यांतून वजा केले की माणूस उरेल, असा हिशेब. त्यासाठी ते सहा वेळा घोडेगावला गेले. बैलांची कपाळं न्याहाळणारा हा म्हातारा बघून रशीद दलाल म्हणाला, "अण्णा, बैल घ्यायचाय का सोयरीक जमवायचीय?"

घरी बायकोची, मनकर्णाबाईंची, वेगळीच तऱ्हा. "काम्पूटर, जेवायला उठा. बैल काय पळून जात न्हाई."

"पळाला असता तर बरं झालं असतं," अण्णा म्हणत.

बेरजा-वजाबाक्या दुष्काळाच्या सालातही चालू राहिल्या. गावाबाहेर खडी फोडायची कामं निघाली, नळाला एक दिवसाआड पाणी आलं, आणि अण्णा खोडरबर घेऊन बसलेले. कधी वाटे, आपण शहाणपणाचं काही करतोय. बहुतेक वेळा वाटे, उत्तर टाळायला आपण हे एवढं मोठं काम काढलंय.

शेवटी त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत सगळ्या चौकटी पेन्सिलीनं भरून झाल्या. जवळून बघितलं तर नुसती करडी फरशी. कादरभाईंनी तो तक्ता भिंतीला लावला, लांबून त्याचा फोटो घेतला आणि लहान करून छापला. पाण्यातल्या कागदावर हळूहळू पागोटं उमटलं, मिश्या उमटल्या.

"या अल्ला! अण्णा, मानूस आला की वो!" कादरभाई ओरडले. "बैल कुटं गेला?"

अण्णांनी फोटो पाण्यातून उचलला. ओला फोटो वहीत धरून ते जवळजवळ धावत घरी आले.

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन डोळे तुमचे हायेत."

"कसले माझे?"

"चाळीस वर्सं बघती मी. आरसा आना, दावते."

आरशाची गरज नव्हती. बैलाच्या कपाळावरचा पांढरा चांद नेमका डोळ्यांवर आला होता. तिथं उजेडानं सगळं भाजून निघालेलं. वजा केलं तरी हाती काही लागत नव्हतं. शंभरेक चौकटी अण्णांनी अंदाजानं भरल्या होत्या. आरसा समोर ठेवून. माणसाचे डोळे कसे बसतात एवढंच बघायचं, असं स्वतःला सांगून.

"कुनाला कळनार हाय?" मनकर्णाबाई जरा नरमाईनं म्हणाल्या. "पोरीनं तर बाप नीट बघितलाबी न्हाई."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "तिला हाच बाप वाटेल."

ते टेबलाशी जाऊन बसले. पहिला, बिघडलेला फोटो त्यांनी पुस्तकातून काढला. दोन वर्षं ते त्यातला बैल तेवढा बघत होते. आता शिंगाच्या आतून, कपाळाच्या केसांतून तो माणूस बघू लागले. फिकट होता, पण होता. डोळे नव्हते. पांढऱ्या चांदाखाली झाकलेले. आणि त्याचे शब्द आठवले. शब्द कधी विसरले नव्हतेच ते. फक्त हिशेबात धरले नव्हते. माझं राहू द्या. ह्याचा काढा.

अण्णांनी काच उचलली, कार्डाचा कोरा अर्धा फाडून घेतला आणि लिहिलं:

'सौ.' लिहिता लिहिता हात थांबला. ते खोडून पुन्हा:

'छबूबाईंस नमस्कार. उत्तरास दोन वर्षं लागली, क्षमा असावी. माझ्या चुकीनं मालक आणि त्यांचा बैल एकाच फोटोत आले आहेत. बैलाचा फोटो काढा असं त्यांनीच सांगितलं होतं. डोळे दिसत नाहीत. ते मला करता आले नाहीत. फोटो पाकिटातून पाठवत आहे.'

खाडाखोड झालेलं कार्ड पाठवावं की नाही, यावर अर्धा तास गेला. पण त्या कार्डाच्या तिकिटाचे पैसे तिनं भरलेले होते.

दुपारी ते स्टेशनाजवळच्या पेटीपाशी गेले. कार्ड अलगद पडलं. पाकीट आत पुठ्ठा घातल्यानं जाड झालं होतं, ते फटीत अडकलं. बोटानं ढकलावं लागलं. मग अण्णा तिथंच उभे राहिले. चार वाजता पोस्टमन आला, त्यानं पेटी उघडली, सगळं पिशवीत ओतलं आणि वर बघितलं.

"काय अण्णा, काय टाकायचं राहिलंय का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "टाकलं."