उसन्या बुटाची कबुली

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, उजव्या पायाचा. माझं कौतुक फार झालं आणि आता त्या कौतुकाची आठवण निघाली, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ग्रीसमधल्या कावाला बंदरात अनेस्तिस नावाचा बूट शिवणारा होता. मोठा तिरसट माणूस. पण त्याचा मुलगा लाझारोस गावाच्या संघात निवडला गेला, तेव्हा गिऱ्हाइकांची कामं उरकून, सहा आठवडे खपून त्याने मला आणि माझ्या डाव्या जोडीदाराला शिवलं.

लाझारोसचा तो पहिलाच सामना. उत्तरार्धात त्याला मैदानात उतरवणार होते. पण मध्यंतराला संघाचा लाडका खेळाडू स्ताथिस याच्या बुटाचा तळ निघाला.

"काढ रे तुझे! सामना संपला की देतो!" तो लाझारोसला म्हणाला.

लाझारोसने आम्हांला काढून दिलं आणि नुसत्या मोज्यांवर बाकावर बसून राहिला. उत्तरार्धात स्ताथिसने गोल मारला, तो माझ्याच टोकाने. लोकांनी माझे मुके घेतले. "हे बूट सोडलेस तर नशीब जाईल बघ!" सगळे म्हणाले. मग कसले परत देतो? पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या क्लबने त्याला अथेन्सला नेलं, आम्हांलाही नेलं. लाझारोसला पुन्हा कधी कोणी खेळायला बोलावलं नाही.

स्ताथिस खूप खेळला, मग प्रशिक्षक झाला. सामन्याआधी तो मला हातात धरून सांगायचा, "पोरांनो, माझ्या बाबांनी अर्धपोटी राहून हे बूट घेतले!" पोरं डोळे पुसायची. अहो, त्याच्या बाबांनी त्याला मोजेसुद्धा घेतले नव्हते! आणि मी? मला खरं माहीत होतं. बुटाला बोलता येत नाही, हे कबूल. पण मला बोलावंसंही वाटत नव्हतं. पॉलिश चढत होतं, मान मिळत होता, मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. लाज वाटते, मित्रांनो, ती याची.

पुढे स्ताथिस संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला. कावालातल्या त्याच्या कचेरीत आम्हांला काचेच्या पेटीत ठेवलं. कामं घेऊन येणारे लोक आधी पेटीला हात लावायचे. एका सकाळी त्या रांगेत लाझारोस दिसला. डोकं पांढरं, पोट सुटलेलं.

"लाव रे हात, लाझारोस! नशीब उघडेल!" मागचा म्हातारा म्हणाला.

"माझं बंद झालं ते यांच्यापायीच," लाझारोस म्हणाला.

आत आल्यावर तो खाली बसलाही नाही. "बूट नकोत मला, स्ताथिस. बाबा ब्याण्णव वर्षांचे झालेत. त्यांना वाटतं, ते बूट मी विकून खाल्ले. खरं सांगितलं तर म्हणतात, एवढा मोठा स्ताथिस तुझे बूट घालणार होय? तोंड बघ आरशात! आयुष्यभर हेच ऐकतोय. तू एकदा येऊन सांग. दोन मिनिटांचं काम आहे."

स्ताथिसने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "रविवारी मतदान आहे रे. बाहेर फुटलं तर माझं हसं होईल. सोमवारी येतो."

"नक्की ना?"

"अरे, सोमवारी म्हणजे सोमवारी!"

रविवारी तो निवडून आला. सोमवारी हार झाले, मंगळवारी मेजवानी झाली. बुधवारी सकाळी अनेस्तिस गेला.

दफनानंतर तिकडच्या रीतीप्रमाणे चर्चशेजारच्या दालनात लोक कॉफी आणि ब्रँडी घेत बसले होते. स्ताथिसने आम्हांला वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि लाझारोसपुढे ठेवलं. मग सगळ्यांसमोर, उभ्यानेच बोलला, "हे बूट अनेस्तिसबाबांनी शिवलेले. लाझारोसचे. मी ते परत दिले नाहीत. माझ्या बाबांची गोष्टही खोटी होती." कोणी कप उचलेना.

लाझारोसने पुडकं उघडलंदेखील नाही.

"मला हे ठाऊकच होतं, स्ताथिस," तो म्हणाला. "ऐकायचं होतं ते बाबांना."

मित्रांनो, माझ्यासारख्या बुटाला पॉलिश उद्या केलं तरी चालतं. पण कोणाचं देणं शब्दाचं असेल, तर त्याला ऐकू येतंय तोवर जा. आजच जा.